डेराबस्सीची गिटार

चंडीमंदिरची पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा सौ.चा पहिला प्रश्न होता, "फॅमिली नेता येईल ना?" तीन वर्षं फील्डला काढून मी पीस स्टेशनला चाललो होतो. ती दोघं तोवर मिरजेजवळ गावी, आण्णा-आईपाशी. म्हटलं, या वेळी काहीही झालं तरी नेणार.

क्वार्टरची वेटिंग लिस्ट बघितली आणि भाड्याचं घर शोधायला लागलो. पंचकुल्यातलं भाडं आपल्या खिशाबाहेरचं, झिरकपूरला गाड्यांची गर्दी. हुडकत हुडकत घग्गर ओलांडून डेराबस्सीला पोचलो. अंबाला-चंदीगड हायवेवरचं हे गाव पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात येतं. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला गव्हाची शेतं. एका सरदारजींच्या घराचा वरचा मजला मिळाला. रोज सकाळी मुबारकपूर, रामगड करत मोटारसायकलनं ड्युटीला जायचं. धुकं पडलं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून हळूहळू.

मुलगा अकरावीत होता. त्याच्या सोळा वर्षांतली आम्ही एका छपराखाली काढलेली वर्षं मोजली तर सहा भरतात. ही मोजणी आपल्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी केलेली असते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्याशी काय बोलावं ते मला कळत नसे. "अभ्यास झाला?" "झाला." "जेवलास?" "हो." पुढं संपलं. फोनवर आम्ही बरे बोलायचो. समोरासमोर बसलो की मी इन्स्पेक्शनला आलेला साहेब आणि तो सावधानमध्ये उभा राहिलेला जवान.

त्याला इलेक्ट्रिक गिटार पाहिजे होती. मी म्हटलं, बारावीनंतर बघू. तो म्हणाला, "विकत नको. बनवूया. तुम्ही कारपेंटर आहात ना?"

मी बॉम्बे सॅपर्सचा, खडकीत घडलेला. भरती झालो ती कारपेंटर ट्रेडमध्ये. दारं, खिडक्या, टेबलं, बंकरची छतं, सगळं केलंय. वाद्य कधी केलं नव्हतं. पण मुलगा आपण होऊन काहीतरी मागतोय, आणि ते माझ्या हातात आहे, असा योग पहिल्यांदाच आला होता. हो म्हटलं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉलिड बॉडीची इलेक्ट्रिक गिटार हे लाकूडकामाच्या हिशेबानं सोपं वाद्य आहे. पोकळ पेटी नाही, वाकवलेल्या पातळ फळ्या नाहीत. अमेरिकेत लिओ फेंडरनं १९५० साली जी गिटार बाजारात आणली तिची बॉडी म्हणजे एक जाड फळी, आणि नेक तिला चार स्क्रूंनी जोडलेली. नेक खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी बसवा. फौजी माणसाला लगेच पटेल असा विचार.

नेक म्हणजे गिटारची दांडी. तिच्या पोटात एक लोखंडी सळई असते, कारण सहा तारा मिळून सुमारे पंचेचाळीस किलोचा ताण देतात आणि नुसतं लाकूड वाकतं. नेकच्या वर चिकटवतात तो फ्रेटबोर्ड, साधारण सहा मिलिमीटर जाडीची कठीण लाकडाची पट्टी. तिच्यावर आडव्या तारेचे पडदे ठोकतात, ते फ्रेट. नेक आणि फ्रेटबोर्ड वेगवेगळे करून एकमेकांवर चिकटवायचे आणि दोन्हींच्या कडा अशा जुळल्या पाहिजेत की अंगठा फिरवला तर सांधा लागू नये.

कामं वाटून घेतली. बॉडी आणि नेक माझ्याकडे, फ्रेटबोर्ड त्याच्याकडे. चंदीगडच्या सेक्टर २६ च्या टिंबर मार्केटमधून तूनची फळी आणली. तून हलकं, लालसर, रंध्याखाली नीट चालणारं लाकूड. मिरजेच्या सतारीतही तेच वापरतात, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास.

फ्रेटबोर्डचं लाकूड मात्र घरातच निघालं. सरदारजींच्या गच्चीवर त्यांच्या दिवंगत आईची मंजी पडून होती. मंजी म्हणजे आपली बाज. निवार कुजलेली, एक पाय मोडलेला. तिच्या लांब बाजूच्या दांड्याला इकडं बाही म्हणतात. बाही टाहलीची होती. टाहली म्हणजे इकडचं शिसम, पंजाबचं राज्यवृक्ष. आपल्याकडच्या शिसवाचं ते सख्खं भावंड. मुलगा ती बाही निरखत उभा होता. सरदारजी म्हणाले, "ले जा पुत्तर. बीजी दी मंजी है, आग विच पाण नूं दिल नहीं करदा."

मुलानं त्या बाहीतून पट्टी काढून घेतली आणि वहीत हिशेब मांडला. तारेची मोकळी लांबी ६४८ मिलिमीटर. पहिला फ्रेट कुठं, तर लांबीला १७.८१७ ने भागायचं, ३६.३७ येतात. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानंच भागायचं, की दुसरा फ्रेट मिळतो. असे एकवीस. बारावा बरोबर मध्यावर, ३२४ ला आला पाहिजे, तो आला तर समजायचं हिशेब बरोबर. प्रत्येक माप त्यानं वरच्या टोकापासूनच घेतलं, एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंत नाही. कारण तसं केलं तर प्रत्येक वेळची बारीक चूक पुढच्यात मिसळत जाते. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. चेननं जमीन मोजताना आम्ही रिक्रूटांना हेच ओरडून सांगतो.

बारीक दाताच्या करवतीनं त्यानं एकवीस खाचा मारल्या. त्याला चार संध्याकाळी लागल्या. रुंदी ठेवली वरच्या टोकाला ४३ मिलिमीटर आणि खालच्या टोकाला ५६. अकरावीच्या फिजिक्समध्ये व्हर्नियर कॅलिपर असतं, त्यानं स्वतःसाठी एक स्वस्तातलं आणलं होतं. प्रत्येक माप दोनदा घ्यायचा आणि वहीत लिहायचा.

मी माझ्या पद्धतीनं काम केलं. त्यानं मिळवलेल्या ड्रॉइंगमध्ये नेकचे दोन्ही टोकांचे आडवे छेद पूर्ण मापाचे काढलेले होते. बाजारातल्या दुकानातून ए-फोर कागदावर प्रिंट मारून आणली, दोन्ही छेद कात्रीनं कापले, नेकच्या दोन्ही टोकांना चिकटवले, लांबी टेपनं घेतली आणि रंधा मारत त्या कागदापर्यंत आणलं. कागदावर आकडे लिहिलेले होते, ४३ आणि ५६. आणखी काय बघायचं? तीस वर्षं लाकडात हात आहे.

जानेवारीचा पहिला आठवडा. शाळांना थंडीची सुट्टी होती. संध्याकाळी खाली सरदारजींच्या व्हरांड्यात आम्ही दोन्ही तुकडे पहिल्यांदा एकमेकांवर ठेवले. फेविकॉल लावायच्या आधी कोरडं लावून बघायचं, हा नियम. सरदारजी शेकोटीपाशी बसून बघत होते.

फ्रेटबोर्ड नेकच्या बाहेर आला. दोन्ही बाजूंनी. वर सव्वा मिलिमीटर, खाली पावणेदोनच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण अंगठा फिरवला की पायरी लागते, आणि डोळ्याला तर ती लांबूनच दिसते.

मी पहिलं वाक्य बोललो ते असं, "फुटपट्टी वाचता येत नाही का तुला? अकरावीत आहेस!"

तो काही बोलला नाही. मी बोलत राहिलो. घाई करतोस, मोबाइल बघत काम करतोस, आमच्याकडं असं माप घेतलं तर पूल नदीत जाईल. सरदारजी समोर होते, त्यामुळं मला जरा जास्तच चढलं असावं. मुलानं फ्रेटबोर्ड उचलला, फडक्यात गुंडाळला आणि वर गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ड्युटीवरून आलो तर तो क्लासला गेलेला. माझ्या टेबलावर ड्रॉइंगचा उरलेला कागद पसरून ठेवला होता. कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ होती, शेजारी छापलेलं की ही रेघ १०० मिलिमीटर भरली पाहिजे. रेघेवर त्याची स्टीलची पट्टी ठेवलेली. ती भरत होती ९४.

चिठ्ठी नव्हती. पट्टी आणि कागद, एवढंच.

काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. प्रिंटर कागदाच्या मापात बसवायला चित्र आपोआप लहान करतो. ४३ चे झाले होते साडेचाळीसच्या आत, ५६ चे साडेबावन्न. लांबी मी टेपनं घेतली म्हणून ती बरोबर आली, आणि म्हणूनच मला शंका आली नाही. रुंदी कागदावरून घेतली होती. आकडा बरोबर लिहिलेला होता, रेघ चुकीची होती, आणि मी रेघेवर पट्टी ठेवली नव्हती.

मंडळी, मी नायब सुभेदार आहे. मॅप रीडिंगचा क्लास घेतो. नकाशा हातात आला की पहिलं स्केल बघा, एक लाख की पन्नास हजार, पन्नास हजारवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हे मी किती पोरांकडून पाठ करून घेतलंय त्याची गणती नाही.

त्या रात्री तो आला, जेवला, झोपला. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सौ. म्हणाली, "टेबलावरचा कागद बघितलात ना?" म्हटलं, बघितला. ती पुढं काही म्हणाली नाही. तिनं या बाबतीत बरीच वर्षं सराव केलेला आहे.

त्या दोन दिवसांत मी फक्त नेकचा विचार केला. खरं तर तो विचार सोपा होता, म्हणून.

पहिला उपाय, फ्रेटबोर्ड रंध्यानं कमी करून नेकच्या मापाला आणायचा. दहा मिनिटांचं काम. फ्रेट आडवे असतात, त्यामुळं बाजूनं लाकूड काढलं तरी सुरात फरक पडत नाही. पण पहिली आणि सहावी तार कडेच्या किती जवळ येते ते बघावं लागतं. वरच्या टोकाला त्या दोन तारांमधलं अंतर साडेपस्तीस मिलिमीटर धरलं होतं. ४३ च्या पट्टीवर कडेला पावणेचार मिलिमीटर उरतात. साडेचाळीसच्या पट्टीवर अडीचच. खालच्या टोकाला तारा पसरतात, तिथं तर जेमतेम दोन उरले असते. बोटानं तार जरा ओढली की ती कडेवरून घसरून पडणार. तारा आत घ्याव्यात तर बोटांना जागा नाही. शिवाय ती बीजींच्या मंजीची बाही, तिच्यातली नीट मोजलेली पट्टी. माझ्या चुकीच्या मापाला जुळावं म्हणून बरोबर मापाची पट्टी कापायची, हे मनाला पटेना.

दुसरा उपाय, नेक नवीन करायची. पंधरा दिवस आणि नवी फळी. सळई बसवायची खाच पुन्हा राउटरनं मारायची.

तिसरा, नेकच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या चिकटवून तिला रुंद करायचं. आमचे आण्णा गावचे सुतार. बैलगाड्यांपासून देव्हाऱ्यांपर्यंत सगळं केलं. ते म्हणायचे, लाकूड काढता येतं, घालता येत नाही. पण ठिगळ कसं लावायचं हेही त्यांनीच शिकवलं होतं. ठिगळ लपवायला गेलं की ते हमखास दिसतं, असंही ते म्हणत.

आणि मिरज आठवली. लहानपणी आण्णांबरोबर बाजाराला गेलो की ते सतारमेकर गल्लीत हमखास थांबायचे. कुणाच्या तरी दारात बसून तासभर नुसतं बघायचे. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाले घडवणारे, त्यांना धार लावणारे. हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी करायला घेतल्या आणि त्या घराण्यांनी तेच काम पुढं चालवलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी मी फील्डमध्ये असताना आण्णांनी फोनवर वाचून दाखवली होती. मला त्या गल्लीतलं एक दृश्य लक्षात होतं. सतारीची रुंद दांडी, सांध्याला सरस लावलेला आणि वरून सुतळी गच्च गुंडाळलेली, एका वेढ्याशेजारी दुसरा वेढा. शिकंजा नाही, काही नाही. सतारीचे पडदे धाग्यानं बांधलेले असतात, चुकले तर सरकवता येतात. गिटारला ती सवलत नाही. पण सांधा दाबून धरायची रीत तीच चालणार होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेलो तेव्हा सरदारजी शेकोटीपाशी होते आणि मुलगा त्यांच्याशेजारी शेंगा सोलत बसलेला. वर जाऊन एकट्यात बोलणं सोपं होतं. पण ओरडलो होतो ते यांच्यासमोर.

म्हटलं, "माप तुझं बरोबर होतं. चूक माझी. मी स्केल तपासलं नाही."

सरदारजींना मराठी येत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि शेंगांची परात माझ्याकडं सरकवली.

मुलगा म्हणाला, "मला माहीत होतं." मग थोड्या वेळानं, "मग आता काय करायचं? माझी पट्टी कापायची?"

"नाही. नेक रुंद करायची."

"बाहीचा तुकडा उरलाय," तो म्हणाला. त्यानं आधीच बघून ठेवलं होतं.

पुढचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. पहिली गोष्ट, मध्यरेषा. बेली ब्रिज लावताना सॅपर पॅनेलला हात लावायच्या आधी सेंटर लाइन आखतो. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरी, खुंट्या, मग रोलर. एकेक पॅनेल दहा फूट लांब, सुमारे अडीचशे किलोचं, सहा जण उचलतात. ती पॅनेलं दुसऱ्या महायुद्धात कितीतरी वेगवेगळ्या कारखान्यांत बनली, तरी कुठलंही कुठल्याहीत बसायचं, कारण सगळी एकाच गेजवर तपासलेली असायची. आमच्याकडं गेज दोन होती, एक माझं आणि एक त्याचं, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला होता. आता एकच ठेवायचं ठरलं, त्याचं व्हर्नियर.

नेकमध्ये सळईची खाच आधीच मारलेली, तिचा मध्य हाच नेकचा मध्य. फ्रेटबोर्डच्या पाठीवर त्यानं पेन्सिलीनं मध्य आखला. म्हणजे पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्याच लावायला हव्यात. सगळी भर एकाच बाजूला घातली असती तर सळई तारांच्या मधोमध राहिली नसती.

नशीब एवढं की नेकची पाठ मी अजून गोल केली नव्हती. बाजू सपाट, काटकोनात होत्या. गोल झाल्यावर हे कळलं असतं तर पट्टी चिकटवायला सपाट जागाच उरली नसती आणि नवी नेक करावी लागली असती. तुमच्यापैकी कुणी असं काम करणार असाल तर हे ध्यानात ठेवा, दोन्ही तुकडे जुळवून बघितल्याशिवाय पाठ गोल करू नका.

उरलेल्या बाहीतून चार मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या काढल्या. लागणार होते पावणेदोन, पण चिकटवल्यावर खाली उतरवायला लाकूड हवं. जाड काचेवर सँडपेपर चिकटवून त्यावर नेकची बाजू घासली. गुण्या लावायचा, ट्यूबलाइटसमोर धरायचं, पट्टी आणि नेकमधून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. हे काम त्यानं केलं. मी गुण्या धरून उभा. दोनदा मी म्हटलं, झालं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "नाही पप्पा, इथं उजेड येतोय." येत होता.

नेक निमुळती असल्यामुळं शिकंजा आवळला की बारीक टोकाकडं सरकतो. तिथं मिरजेची सुतळी कामाला आली. सुतळीऐवजी मोटारसायकलची जुनी ट्यूब बोटभर रुंद पट्ट्यांत कापली आणि ताणून ताणून गुंडाळली. दाब सगळीकडं सारखा बसतो आणि काही घसरत नाही.

फेविकॉल लावून नेक रात्रभर व्हरांड्यात ठेवली. सकाळी ट्यूब सोडली तर एक पट्टी अलगद हातात आली. सांध्यात खडूसारखी पांढरी भुकटी. मी चक्रावलो. मग थर्मामीटर बघितला, रात्री पाच डिग्री होतं. पांढरा गोंद दहा-बारा डिग्रीच्या खाली धरत नाही, त्यातलं पाणी जातं पण पापुद्रा तयार होत नाही. हे मला लाकडातल्या तीस वर्षांत माहीत असायला हवं होतं. थंडीच्या पोस्टवर आम्ही खिळे-बोल्ट वापरत आलो, गोंदाशी कधी गाठ पडली नाही.

मुलगा काही बोलेल म्हणून मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "या वेळी कुणाचीच चूक नाही." आणि खरवडायला पॉलिश पेपर घेतला.

दुसऱ्यांदा नेक घरात आणली. खोलीत हीटर, लाकूड आधी ऊन करून घेतलं, चिकटवून ट्यूब गुंडाळली आणि सौ.नं तिला जुन्या रजईत गुंडाळून दिवाणावर निजवली. येणारा-जाणारा विचारायचा, आजारी कोण आहे? पूर्ण चोवीस तास हात लावला नाही. तो दिवस तेरा जानेवारी, लोहडीचा. रात्री गल्लीत शेकोटी पेटली, पोरं रेवड्या-शेंगा वाटत फिरत होती. आम्ही खाली जाऊन आलो, आगीत मूठभर तीळ टाकले. वर येऊन ट्यूब सोडली. सांधा पक्का. पट्टी ठोकून बघितली, नख घालून बघितलं. नाही सुटत.

संक्रांतीला फ्रेटबोर्ड चिकटवला. इथं आणखी एक खोड असते. ओला गोंद आणि वरून दाब, म्हणजे पट्टी बर्फावरच्या गाडीसारखी सरकते. त्यावर उपाय असा की पहिल्या आणि बाराव्या फ्रेटच्या खाचेत बारीक भोक पाडून बिनडोक्याचे छोटे खिळे अर्धवट ठोकायचे. पट्टी हलत नाही, गोंद धरल्यावर खिळे काढायचे, आणि भोकं पुढं फ्रेटखाली झाकली जातात. मध्यरेषेवर मध्यरेषा ठेवली, खिळे मारले, ट्यूब गुंडाळली, पुन्हा रजई.

मग शेवटचं काम, बाजूच्या पट्ट्या फ्रेटबोर्डच्या कडेपर्यंत उतरवायच्या. फ्रेटबोर्डला रंधा लागता कामा नये. मी रंधा त्याच्या हातात दिला. माझा हात जड आहे हे मला आता कबूल होतं. तो एकेक तासणी काढत गेला, दर चार तासण्यांनंतर अंगठा फिरवायचा. शेवटी मला म्हणाला, "तुम्ही बघा." मी डोळे मिटून अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत कुठंही पायरी नाही. व्हर्नियरवर ४३ आणि ५६.

तूनच्या लालसर नेकला दोन्ही कडांनी टाहलीची काळपट रेघ आली आणि वर टाहलीचाच फ्रेटबोर्ड. बघणाऱ्याला वाटतं मुद्दाम केलंय. लपवायचा प्रयत्न आम्ही केलाच नाही. आण्णांना फोटो पाठवला. त्यांनी फोन केला आणि फक्त एवढं विचारलं, "ठिगळ कुणी उतरवलं?" म्हटलं, नातवानं. म्हणाले, "तरीच."

फ्रेट ठोकणं, बॉडी, वायरिंग, यात मार्च उजाडला. त्याबद्दल पुन्हा कधी. पहिल्यांदा सहाही तारा सुरात लावल्या तेव्हा सरदारजी वर आले होते. मुलानं पहिली तार बोटानं जोरात ओढून बघितली, कडेवरून घसरते का ते. घसरली नाही. सरदारजींनी फ्रेटबोर्डवरून हात फिरवला, वाजवून बघितली नाही. खाली जाताना म्हणाले, "बीजी नूं गाणा बड़ा पसंद सी."

या पोस्टिंगचं शेवटचं वर्ष आता सुरू आहे. पुढच्या वर्षी मुलगा बारावी करून बहुधा पुण्याला जाईल, मी कुठं जाईन ते ऑर्डर आल्यावर कळेल. एका छपराखालच्या वर्षांत आणखी दोन भरली, आठ झाली. अजूनही आम्ही फार बोलतो असं नाही. पण संध्याकाळी तो वाजवत बसला की मी त्याच खोलीत पेपर वाचतो, आणि कधी कधी तो थांबून विचारतो, "पप्पा, ही तार जरा उतरलीय का?" मला सुरातलं काही कळत नाही. तरी ऐकतो, आणि जे वाटतं ते सांगतो.

तो ए-फोर कागद मी टाकला नाही. मॅप रीडिंगच्या क्लासला नेतो. पहिल्या दिवशी पोरांच्या हातात देतो, पट्टी देतो आणि म्हणतो, रेघ मोजा. ९४ येतात. मग विचारतो, ही चूक कुणी केली असेल? कुणी म्हणतं प्रिंटरनं, कुणी म्हणतं दुकानदारानं. मी सांगतो, तुमच्या उस्तादानं. पोरं हसतात, पण पुढच्या वेळी नकाशा उघडला की आधी खाली स्केलकडं बघतात.

जय हिंद.